मदत हवी आहे: नासाने स्पेसएक्सला दिलेले पैसे कॉन्ट्रॅक्टचे की सबसिडीचे?

नमस्कार मंडळी, शनिवारी लेकीची कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे, विषय 'खासगी अंतराळ कंपन्या सरकारी अनुदानावरच उभ्या आहेत', तिच्याकडे विरोधी बाजू आलीय आणि दोन दिवस आम्ही बापलेक एकाच जागी अडकलोय.

मी एका सरकारी ठेकेदाराकडे बिलिंग बघतो, त्यामुळे माझा हिशोब सरळ, काम झालं, एमबीत (मोजमापाच्या नोंदवहीत) माप चढलं की बिल निघतं, त्याला कुणी अनुदान म्हणत नाही. त्या हिशोबाने नासाने स्पेसएक्सला दिलेलं डिसेंबर २००८ चं काम कॉन्ट्रॅक्टच, स्पेस स्टेशनवर सामानाच्या १२ फेऱ्या, १६० कोटी डॉलर. २०१४ मध्ये अंतराळवीर न्यायचं काम बोइंगला ४२० कोटींना आणि स्पेसएक्सला २६० कोटींना दिलं तेही तसंच, किंमत आधीच ठरलेली होती, म्हणून स्टारलायनर या त्यांच्या यानाचा खर्च वाढत गेला तेव्हा बोइंगला प्रचंड तोटा खावा लागला. उलट टेक्सास राज्याने आपल्याकडे बोका चिकाला स्पेसएक्सचा उड्डाणतळ व्हावा म्हणून दीड कोटी डॉलरच्या आसपास देऊ केले ती उघड सबसिडी, त्यात राज्याने एकही उड्डाण विकत घेतलं नव्हतं.

गाडं अडतं २००६ च्या कॉट्स योजनेवर, म्हणजे स्पेस स्टेशनवर सामान नेणारी रॉकेटं आणि यानं खासगी कंपन्यांनी तयार करावीत म्हणून नासाने पैसे दिले ती योजना. नासाने स्पेसएक्सला आधी २७.८ आणि वाढवत शेवटी ३९.६ कोटी डॉलर दिले, कंपनीने स्वतःचे ४५ कोटींच्या वर घातले, आणि टप्पा पूर्ण झाला तरच हप्ता, याच योजनेतल्या रॉकेटप्लेन किस्लर या दुसऱ्या कंपनीला बाहेरून भांडवल उभं करता आलं नाही तर २००७ मध्ये त्यांचा करारच रद्द केला. हे अगदी आमच्या रनिंग बिलासारखं, जेवढं काम झालं तेवढ्याचं बिल. पण आम्ही बांधलेला पूल सरकारचा होतो हो, इथे फाल्कन ९ रॉकेट आणि ड्रॅगन यान कंपनीचेच राहिले आणि त्याच रॉकेटवर ते जगभरचे उपग्रह सोडून कमावतात. शिवाय तो खरेदीचा करार नव्हताच, स्पेस ॲक्ट ॲग्रीमेंट नावाचा वेगळा कागद होता. मी म्हटलं, अगं पण नासाला पुढे स्वस्तात वाहतूक मिळाली ना, तर म्हणाली, बाबा ते नंतरचं, हप्ता घेताना त्यांनी विकलं काय ते सांग. मला उत्तर देता आलं नाही.

मला वाटतं कॉट्सचे पैसे निम्मी सबसिडी होते हे तिने आधीच कबूल करावं, खोटं रेटू नये, आणि २००८ नंतरच्या कामांवर जोर द्यावा. पण मग समोरचे 'पायाच अनुदानाचा' म्हणून तेच धरून बसले तर? सरकारी टेंडर किंवा अर्थशास्त्र जवळून माहीत असलेल्या कुणी कृपया सांगा, वस्तू सरकारच्या ताब्यात येत नसेल तरी ते पैसे कामाचा मोबदला धरता येतात का, आणि कशाच्या आधारावर?