वेळापत्रक बसतच नाहीये, गणित-विज्ञानाला दोनच शिक्षक. सल्ला हवा

खडूफळा: नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावची अनुदानित शाळा आहे आमची, ६वी-७वीची एकेक तुकडी आणि ८वी, ९वी, १०वीच्या दोन दोन, अशा ८ तुकड्या. सोमवार ते शुक्रवार ८ तासिका, शनिवारी ५, म्हणजे तुकडीला आठवड्याच्या ४५. मुख्याध्यापक सर ८ तासिका घेतात, बाकी आम्ही ११ जण होतो, पण मे अखेर गणिताचे सर रिटायर झाले आणि जागा अजून भरलेली नाही, त्यामुळे आता १०. यंदा वेळापत्रक माझ्याकडे आलंय. तीन रात्री तक्ता मांडतेय, बुधवारची सहावी तासिका आली की ९वी ब आणि १०वी अ दोन्हीकडे गणिताला माणूस नाही. खोडून खोडून कागदाला भोक पडलं शेवटी. कुणी करून पाहिलेलं सांगा प्लीज.

गोदाकाठ: मॅडम, तक्ता बाजूला ठेवा आणि आधी कार्यभार मांडा. मी बावीस वर्षं वेळापत्रक केलंय, बहुतेकांचं इथेच अडतं. गणिताला आणि विज्ञानाला किती तासिका देता?

खडूफळा: प्रत्येकी ६.

गोदाकाठ: म्हणजे तुकडीला १२, आठ तुकड्यांना ९६. तिघं होते तेव्हा ३२-३२ यायच्या, जड पण जमायचं. आता दोघांना ४८-४८ आणि आठवड्यात तासिकाच ४५! हे बसणारच नाही, रात्रभर जागलात तरी. तुमचं काही चुकत नाहीये हो. स्टाफमध्ये बीएस्सी झालेलं, पण दुसरा विषय शिकवणारं कुणी आहे का बघा. ६वी-७वीच्या २४ तासिका तिकडे गेल्या तर दोघांकडे ३६-३६ राहतील. १०वीला मात्र हात लावू नका, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड आहे, त्या पोरांचं गणित ज्याला येतं त्यानेच घ्यावं.

सावलीतली_शाळा: वरचं बरोबर आहे, पण ही तडजोड झाली, मागणी सोडू नका. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात ६वी ते ८वीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक हवा असं लिहिलंय, आणि शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास तयारी धरून आहेत, नुसते वर्गात उभं राहण्याचे नाहीत. संचमान्यतेची, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं मंजूर त्या आदेशाची, प्रत काढा, मंजूर पदं किती कार्यरत किती ते बघा. तुमची जागा निवृत्तीने रिक्त झालीय, कुणी अतिरिक्त ठरलेलं नाही, हे पत्रात ठळक लिहा, सोबत हा ९६ आणि ४८ चा हिशोब जोडा. संस्थेमार्फत शिक्षणाधिकारी माध्यमिककडे द्या आणि पोच घ्या. पवित्र पोर्टलवरून, म्हणजे सरकारच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून, माणूस यायला वेळ लागतो, तोवर तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, कुणी मिळतंय का तेही संस्थेला लेखी विचारा.
आणि एक, ३० सप्टेंबरचा पट, म्हणजे विद्यार्थीसंख्या, आत्तापासून सांभाळा, पदं त्यावरच ठरतात. आधार व्हॅलिड नसलेलं पोरगं मोजलं जात नाही. आमच्याकडे ऊसतोड कामगारांची लेकरं असतात, एकाच्या नावात आधारला काना जास्त, दाखल्यावर नाही, एवढ्यावरून रोज वर्गात बसणारं पोरगं हिशोबातून बाहेर. आणि १५ मार्च २०२४ च्या जीआरपासून पदांचा हिशोब आणखी कडक झालाय, तेव्हा एकेक नाव महत्त्वाचं.

तिसरी_घंटा: मी एफईटी हे वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर वापरतो, फुकट आहे, एकाच वेळी दोन वर्गांवर एक शिक्षक पडला की लगेच दाखवतं. पण वाटप चुकीचं असेल तर तेही हात टेकतं. कॉम्प्युटर नसेल तर लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापा, शिक्षकाला एक रंग, आणि मोठ्या पाटावर मांडा. आधी प्रयोगशाळेचे जोडतास, मग मैदान, मग १०वी, भाषा सगळ्यात शेवटी, त्या कुठेही सरकतात. मधल्या सुट्टीनंतर लगेच रोज गणित नको, जेवून पोरं पेंगतात. बदली तासिकांचा, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या जागी कोण जाणार याचा, विचार आत्ताच करा. दर तासिकेला ८ वर्ग, माणसं १०, म्हणजे रिकामे दोनच. ते दोघंही एकाच विषयाचे नकोत.

खडूफळा: सगळ्यांचे मनापासून आभार. आमचे भूगोलाचे सर बीएस्सी आहेत, ते ६वी-७वीचं गणित-विज्ञान घ्यायला तयार झाले, त्यांचा ६वी ते ८वीचा भूगोल मराठीच्या मॅडम आणि मी वाटून घेतला. पुठ्ठे मांडले, मुलीने रंगवून दिले. प्रयोगशाळा एकच, म्हणून १०वी अ चा जोडतास मंगळवारी आणि ब चा गुरुवारी टाकला. बुधवारची सहावी बसली! पत्रही दिलं, पोच घेतली. शुक्रवारच्या बदली तासिका कुणाला द्यायच्या तेवढं राहिलंय, कारण आमच्यातल्या दोघांना बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामाला जावं लागतं आणि ते दोघंही नेमके भाषेचे आहेत. कुणाकडे असं झालंय का?

तिसरी_घंटा: आमच्याकडे होतं. त्या दिवशी पीटीचा तास दोन तुकड्यांना एकत्र लावतो, एक माणूस सुटतो. पावसाळ्यात मात्र हॉल लागेल, तो आहे का तुमच्याकडे?