पक्ष्यामागचा माळ पुसून का टाकायचा?

माळवाट:
रविवारी पक्ष्यांच्या फोटोंचं एक प्रदर्शन पाहिलं. सगळे फोटो आपल्या सोलापूर जिल्ह्यातले. धाविक या माळावरच्या पक्ष्याच्या फोटोपुढं बराच वेळ उभा राहिलो. तांबूस डोकं, पांढरी भुवई, पिसन् पीस मोजून घ्यावं असं. मागं मात्र भिंतीला दिल्यासारखा गुळगुळीत पिवळा रंग. पक्षी नान्नजचा की राजस्थानचा, कळायला मार्ग नाही.

धाविक मुळात मातीसारखाच दिसतो. पळता पळता थबकला की ढेकळांत हरवतो. त्या हरवण्यावर त्याचा जीव तगतो आणि आपण नेमकं तेच फोटोतून काढून टाकतो. नान्नजचं अभयारण्य १९७९ साली माळढोकासाठी झालं, आज तिथं माळढोक दिसणं दुर्मिळ. त्याचा जुना फोटो हाती आला की मी आधी पायाखालचं गवत बघतो. कुसळी आहे, पवन्या आहे की मारवेल? पक्षी चौकटीत लहान राहिला तरी चालेल, माळ येऊ द्या.

सहाशे_एमएम:
मला पटत नाही. चंडोलाचा असा ‘माळासकट’ फोटो आईला दाखवला. ती म्हणाली, “पक्षी कुठाय?” ज्याला पक्षी सापडतच नाही, त्याला माळाबद्दल काय वाटणार?

आणि पार्श्वभूमी धूसर होते ती काही लबाडी नाही. दूरचं जवळ आणणाऱ्या ६०० एमएम लेन्सवर २० मीटरवरचा पक्षी एफ/११ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान करून टिपला तरी जेमतेम पाऊण मीटर पट्टा स्पष्ट येतो. म्हणजे छिद्र लहान करून माळ दिसत नाही, उलट सकाळच्या उजेडात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, तेवढा वाढवावा लागतो. माळ दिसायला छोटी लेन्स लागते आणि छोटी लेन्स लावली की माणूस पक्ष्याच्या दिशेनं पुढं सरकतोच. मी पोटावर झोपून पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवरून काढतो. कॅमेरा खाली गेला की मागची जमीन दूर जाते, डोक्याला काडी चिकटत नाही. पक्षी ज्या बाजूला बघतोय तिकडं जागा सोडतो. एवढं नीट झालं तर तो फोटो माझ्या लेखी पूर्ण आहे.

हिप्परगा_सकाळ:
धूसर करा, पण पुसू नका. नीलपंख आपल्याकडं बहुतेक वेळा विजेच्या तारेवरच भेटतो. हल्ली सॉफ्टवेअरनं तार काढून पक्षी हवेत टेकवलेले फोटो बघतो तेव्हा वाईट वाटतं. माळढोक तारांना धडकून मरतात. अंगानं जड, समोरचं कमी दिसतं, ऐनवेळी वळता येत नाही. माळढोकाच्या भागातल्या तारा जमिनीखाली नेण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये आदेशही दिला होता. तार ‘घाण’ म्हणून काढली, तर पक्षी कशानं मेला ते फोटोत उरतच नाही.

सहाशे_एमएम:
तार काढत नाही मी, तिथं तुमच्याशी सहमत. तार नकोशी वाटली तर फोटोच काढत नाही.

टिटवीची_हाक:
माळवाट दादा, माळ दाखवण्यात एक धोका आहे. उन्हाळ्यात धाविक, टिटवी, माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. मागं टेकडी आणि पवनचक्की आली की जागा ओळखायला फार वेळ लागत नाही. पुढच्या रविवारी तिथं पाच गाड्या उभ्या. पक्षी उठला की अंडी उन्हात भाजतात. पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना त्रास देणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारीतच मोडतं. त्या दिवसांत मला तो गुळगुळीत पिवळा रंगच बरा.

माळवाट:
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. विणीच्या दिवसांत टेकडी-पवनचक्की नको, घरट्याचा तर फोटोच नको. पण गवत आणि माती दाखवून जागा सापडत नाही, तेवढं मी धरून आहे.

सहाशे_एमएम, लहान लेन्स लावून पुढं सरकू नका. आहात तिथंच थांबा, पक्षी लहान येऊ द्या. आई शोधेल. शोधताना तिची नजर गवतावरून फिरेल, मला तेच हवंय.

सहाशे_एमएम:
ती शोधत नाही हो, फोन परत देते. हिवाळ्यात हिप्परगा तलावावर पट्टकदंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) आले की बघू. मागं तुळजापूर रस्त्यावरचे ट्रक येतात. मी तरी ट्रक फोटोत घेणार नाही.

माळवाट:
मी घेणार. हिमालय ओलांडून ते ट्रकांशेजारी उतरतात, हे दिसायलाच हवं. सहाला तलावावर या.