दिवाळीच्या खरेदीत बजेट हाताबाहेर जातं, आवर कसा घालायचा?

अंगणातली पणती
घरात चौघं. कपडे, फराळ, ओवाळणी, मावशी-वॉचमन-पेपरवाल्याची पोस्त असं सगळं धरून 35,000 रुपये ठरवलेत. यादी केली आहे, पण सेल लागला की यादीबाहेरचं मागवलं जातं. त्यात 30,000 चा टीव्ही 'नो कॉस्ट ईएमआय'वर घ्यायचा विषय निघालाय. नुसतं 'मनाला आवर घाला' नको, नेमकं काय करायचं ते सांगा.

जमाखर्च
ताई, यादी चुकत नाही, क्रम चुकतो. सेल नवरात्रापासूनच सुरू होतात, पाडवा आणि भाऊबीज मात्र अगदी शेवटी. आधी कपडे-वस्तूंवर पैसे जातात आणि जे टाळताच येत नाही ते शेवटी कार्डावर ढकललं जातं. म्हणून हिशेब भाऊबीजेपासून उलटा मांडा. ओवाळणी आणि पोस्त आधी रोख काढून नावं घातलेल्या पाकिटांत ठेवा. मग फराळ: भाजणी, तेल, तूप, सुकामेवा यांचे आजचे भाव वाण्याकडून विचारून, वजनासकट लिहा. फराळाचा आकडा नेहमी अंदाजाने धरला जातो आणि नेहमी कमीच धरला जातो. हे सगळं वजा करून उरेल तेवढंच कपड्यांचं आणि हौसेचं बजेट.

उरलेली रक्कम दुसऱ्या बचत खात्यात टाका आणि दिवाळी संपेपर्यंत यूपीआय ॲपला तेवढंच खातं जोडलेलं ठेवा. पगाराचं खातं जोडलेलं राहिलं तर या सगळ्याचा उपयोग शून्य.

क्रेडिट कार्डाची ऑनलाइन मर्यादा बँकेच्या ॲपमधूनच कमी करता येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर 2020 पासून ही सोय प्रत्येक बँकेला द्यावी लागते. ऑनलाइन व्यवहार पूर्ण बंद करू नका, कारण त्या कार्डावर वीजबिल किंवा विम्याचा हप्ता आपोआप जात असेल तर तो अडकू शकतो. त्या हप्त्यांची बेरीज करा आणि मर्यादा तेवढीच ठेवा. घरातल्या दुसऱ्या माणसाचं कार्डही तपासा, शॉपिंग ॲपमध्ये बऱ्याचदा तेच सेव्ह केलेलं असतं.

हप्तेबंद
टीव्हीबद्दल. 'नो कॉस्ट'मध्ये बँक व्याज लावतेच, तेवढी सूट फक्त किमतीत आधी दाखवतात. समजा 30,000 चा टीव्ही, 6 महिने, वार्षिक 15 टक्के. बँकेच्या हिशेबी कर्ज साधारण 28,730 चं, व्याज 1,270. कार्डावरच्या या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे 229 रुपये. प्रोसेसिंग फी 199 धरली तर तीही जीएसटीसह 235. म्हणजे 'फुकट' हप्त्याचे 464 रुपये. शिवाय रोखीची सूट बुडते ती वेगळीच. म्हणून दुकानात आधी 'एकदम पैसे दिले तर शेवटचा भाव काय?' एवढंच विचारा आणि तो आकडा लिहून घ्या. ईएमआयचं नाव त्यानंतर काढा.

सगळ्यात वाईट म्हणजे बिलातली किमान रक्कम भरून पुढे ढकलणं. 40,000 च्या बिलातले 2,000 भरले, महिन्याला 3.5 टक्के धरले, तर उरलेल्या 38,000 वर 1,330 व्याज आणि 239 जीएसटी. पुढच्या महिन्यात पुन्हा 2,000 भराल त्यातले 1,569 यातच जातील. वर बाकी थकलेली असताना केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, व्याज खरेदीच्या दिवसापासून सुरू होतं.

छापील किंमत
बँक ऑफरची बारीक अक्षरं वाचा. '10 टक्के सूट, कमाल 1,500' असेल तर 15,000 पर्यंतच ती खरी 10 टक्के. 40,000 च्या वस्तूवर ती 3.75 टक्के उरते. '499 च्या वर डिलिव्हरी मोफत' हाही तसाच फास: 40 रुपये वाचवायला 180 ची नको असलेली वस्तू कार्टमध्ये येते.

हव्या त्या वस्तूंचे नेमके मॉडेल नंबर आणि आजच्या किमती सेलच्या तीन-चार आठवडे आधी वहीत लिहा. सेलच्या दिवशी खोडलेल्या एमआरपीकडे न बघता वहीतल्या आकड्याकडे बघा. 'फक्त 2 शिल्लक' अशी खोटी घाई दाखवणं, न विचारता कार्टमध्ये देणगी किंवा विमा घालणं यांवर 30 नोव्हेंबर 2023 च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी बंदी आहे. पैसे भरण्याआधी बिलाची एकेक ओळ वाचा. जास्तीचं काही घेतलं गेलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार करता येते.

अंगणातली पणती
खूप उपयोगी. उलटा हिशेब आजच मांडते. धनत्रयोदशीला थोडं सोनं घ्यायचं का, यावर घरात एकमत नाही.

जमाखर्च
मुहूर्त साधायचाच असेल तर बजेटमध्ये बसेल तेवढ्या वजनाची वेढणी किंवा नाणं घ्या, दागिना नको. 100 रुपयांच्या सोन्यावर 14 टक्के मजुरी लागली की 114, त्यावर 3 टक्के जीएसटी, म्हणजे 117.42. मोडताना वरचे 17 रुपये परत येत नाहीत. खडे असतील तर त्यांचं वजनही कापतात. नाण्या-वेढणीची मजुरी बरीच कमी असते, पण दुकानागणिक फरक पडतो, तेव्हा दोन ठिकाणी विचारा. 'मजुरीवर 50 टक्के सूट' ऐकलंत तर आधी त्या दिवसाचा प्रतिग्रॅम भाव दुसऱ्या पेढीच्या भावाशी ताडून बघा, बऱ्याचदा सूट तिथेच वसूल झालेली असते. बिलावर वजन, कॅरेट, भाव आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. दागिनाच घ्यायचं ठरलं तर त्यावरचा एचयूआयडी (हॉलमार्कचा सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांक) बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये दुकानात उभ्या उभ्या टाकून बघा, पैसे त्यानंतर.