झोपताना गरम दूध घेतल्याने वजन वाढते का?

शेवंती:
रात्रीचे जेवण नऊच्या सुमारास आटोपल्यावर, झोपण्यापूर्वी मोठा पेलाभर गरम दूध घेण्याची आमच्या घरी जुनी पद्धत आहे. दूध म्हशीचे, सायीसकट, आणि त्यात दोन चमचे साखर. सासूबाईंच्या मते त्यामुळे झोप शांत लागते. ऑफिसातील मैत्रिणी मात्र सांगतात की रात्रीचे दूध पचत नाही आणि त्याची थेट चरबी होते. वर्षभरात माझे वजन हळूहळू वाढले आहे. दूध बंद करावे की वेळ बदलावी, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

अनुराधा (आहारतज्ज्ञ):
दूध गरम केल्याने त्यातील उष्मांक वाढत नाहीत, आणि घड्याळात अकरा वाजले म्हणून त्याची चरबीही होत नाही. दिवसभरात एकूण किती उष्मांक पोटात गेले आणि किती खर्च झाले, यावर वजन ठरते. तुमचा पेला २५० मिलिलिटरचा धरला, तर ६ ते ७ टक्के स्निग्धांशाच्या म्हशीच्या दुधातून सुमारे २२० ते २४० उष्मांक मिळतात व साखरेचे आणखी ४० होतात; म्हणजे पोटभर जेवणानंतर आपण रोज जवळजवळ तीन फुलके जास्त खात आहात, फक्त ते चावावे लागत नसल्यामुळे जाणवत नाहीत. पिशवीतील टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के आणि डबल टोन्डमध्ये १.५ टक्के असतो. १५० मिलिलिटर डबल टोन्ड दूध बिनसाखरेचे घेतल्यास हाच आकडा ७० च्या आसपास येतो. तेव्हा दूध बंद करण्याचे कारण नाही. पेला लहान करा आणि साखर सोडा. चॉकलेटच्या पावडरींतही बहुधा साखरच मुख्य असते, हेही लक्षात असू द्यावे.

देशपांडेकाका:
आम्ही दूध तापवून फ्रिजमध्ये ठेवतो व सकाळी जाड साय काढून घेतो. याने स्निग्धांश बराच कमी होतो. अर्थात तीच साय विरजून, लोणी कढवून, तुपाच्या रूपाने वरणभातावर परत येत असेल, तर घराचा हिशेब जिथल्या तिथेच राहतो!

शेवंती:
आमच्याकडे नेमके तेच होते. पण दूध कमी केल्यास झोपेवर परिणाम होईल का?

अनुराधा (आहारतज्ज्ञ):
दुधात ट्रिप्टोफॅन (झोपेला मदत करणारा मानला जाणारा प्रथिनांतील एक घटक) असते हे खरे, परंतु एका पेल्यातील त्याचे प्रमाण इतके थोडे असते की झोपेचे सारे श्रेय त्याला देणे मला पटत नाही. दिवे मंद करणे, मोबाइल बाजूला ठेवणे आणि ठरलेल्या वेळी काहीतरी कोमट पिणे, या क्रमाचाच त्यात मोठा वाटा असावा. तो क्रम अर्ध्या पेल्यानेही टिकतो. आणि तो टिकवावाच, कारण अपुऱ्या झोपेने भूक वाढते. दूध पिऊन लगेच आडवे झाल्यावर छातीत जळजळ होत असेल, तर ते दोन तास आधी घ्यावे. पोटात गुबारा धरत असेल, तर दुधातील मूळची साखर (लॅक्टोज) पचत नसण्याची शक्यता असते. अशा वेळी दुपारच्या जेवणात ताक किंवा दही घेणे बरे. मधुमेह असल्यास रात्रीच्या दुधाचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.