बचत गटाचे पाचक चूर्ण अपचन आणि जळजळीवर खरोखर गुणकारी आहे का, हे कसे तपासावे?

प्रश्न : बचत गटाची सचिव, यावल तालुका

आमचा महिला बचत गट पापड, बिबडे आणि काळा मसाला तयार करून यावल, फैजपूर आणि भुसावळच्या बाजारात विकतो. आता त्यासोबत एक पाचक चूर्णही विकले जाते. त्यात ओवा, सुंठ, जिरे, ज्येष्ठमध, पादेलोण आणि थोडा खाण्याचा सोडा असतो. हिवाळ्यात बामणोदच्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याच्या भाकरीच्या पंगती सुरू झाल्या, किंवा लग्नसराईत शेवभाजीची जेवणे वाढली, की या चूर्णाची मागणी एकदम वाढते. घेणारे सांगतात की चमचाभर घेतल्यावर थोड्याच वेळात छातीतील जळजळ शमते आणि पोट हलके होते.

एका दुकानदाराने पाकिटावर ‘आम्लपित्तावर हमखास गुणकारी’ असे छापण्याचा आग्रह धरला आहे. गटातील काही भगिनींना ते पटते. मला मात्र असे वाटते की दुखणे घेऊन आलेल्या माणसाला आपण काही लिहून देत असू, तर त्याची खात्री आधी आपल्याला असली पाहिजे. गिऱ्हाइकांकडून अभिप्राय लिहून घेतले तर ते पुरावा म्हणून चालतील का? नसतील, तर अशा चूर्णाची योग्य तपासणी कशी होते आणि आमच्यासारख्या लहान गटाला त्यातील काय करता येण्यासारखे आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर : औषधनिर्माणशास्त्राचा अध्यापक, शिरपूर

ताई, पाकिटावर छापण्यापूर्वी आपण हा प्रश्न विचारलात, याचे मला फार समाधान वाटले.

प्रथम अभिप्रायांविषयी. अपचनाची तक्रार सतत सारखी नसते, ती काही दिवस वाढते आणि काही दिवस आपोआप ओसरते. माणूस चूर्ण घेतो ते त्रास सर्वाधिक असताना, त्यामुळे त्यानंतर बरे वाटण्याची शक्यता काहीही न घेता सुद्धा बरीच असते. शिवाय औषध घेतल्याच्या विश्वासानेच अनेकांना उतार पडतो. तपासणीत काही रुग्णांना औषधासारखेच दिसणारे पण गुणहीन असे काही दिले, तर अपचनाच्या रुग्णांपैकी साधारणपणे ३० ते ४० टक्के, कधी त्याहून अधिक लोक, बरे वाटल्याचे सांगतात. थायलंडमध्ये हळदीवर झालेल्या आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत हळद घेणाऱ्यांपैकी ८७ टक्के लोकांना आराम वाटला, पण नुसती बनावट कॅप्सूल घेणाऱ्यांपैकीही ५३ टक्के लोकांना वाटला. बनावट कॅप्सूलचा गट त्यात नसता, तर ८७ हा संपूर्ण आकडा हळदीच्या खात्यावर जमा झाला असता. आपल्या गिऱ्हाइकांचे अभिप्राय कितीही प्रामाणिक असले, तरी त्यांच्यासमोर तुलनेला दुसरा गट नाही, म्हणून ते पुरावा ठरत नाहीत.

दुसरा मुद्दा आपल्या चूर्णापुरता फार महत्त्वाचा आहे. त्यात खाण्याचा सोडा आहे. एक ग्रॅम सोडा सुमारे १२ मिलीइक्विव्हॅलंट (आम्ल मोजण्याचे एकक) आम्ल निष्प्रभ करतो आणि ते काम काही मिनिटांतच होते. त्यामुळे ‘थोड्याच वेळात जळजळ शमली’ या अनुभवाचे श्रेय बहुधा सोड्याचे असावे, ओवा-सुंठीचे नव्हे. आपल्याला वनस्पतींचा गुण तपासायचा असेल, तर तुलनेच्या गटाला सोडा आणि पादेलोण तेवढेच असलेले, पण वनस्पती नसलेले चूर्ण द्यावे लागेल. दोन्ही गटांत सारखाच आराम पडला, तर आपण इतके दिवस मसाला मिसळलेला सोडा विकत होतो असे म्हणावे लागेल, आणि ही गोष्ट कळणे गटाच्या हिताचेच आहे.

तिसरे असे की अपचन आणि जळजळ या दोन तक्रारी तपासणीत वेगळ्या मोजाव्या लागतात. जेवणानंतर पोट गच्च वाटणे, थोड्याच घासांत पोट भरणे, पोटाच्या वरच्या भागात दुखणे किंवा तेथेच आग होणे, हे अपचनाच्या बाजूचे. आम्ल अन्ननलिकेत वर येऊन छातीच्या हाडामागे जळजळ होणे, हे निराळे. एकीवर उपयोगी पडणारी वस्तू दुसरीला मारक ठरू शकते. पुदिन्याचे तेल पोटाचे स्नायू सैल करून गच्चपणा कमी करते, पण तेच तेल अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडपही सैल करते आणि काहींची जळजळ वाढवते.

सुंठीबाबतही एक निष्कर्ष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तैवानमधील संशोधकांनी २०११ मध्ये अपचनाच्या ११ रुग्णांना १.२ ग्रॅम सुंठ देऊन पाहिली, तेव्हा जठर लवकर रिकामे झाले, पण रुग्णांना जाणवणाऱ्या त्रासात फरक पडला नाही. एखादी वनस्पती शरीरात काहीतरी घडवते एवढ्यावरून ती माणसाला बरे वाटू देते असे धरता येत नाही, म्हणून शेवटी रुग्णाच्या त्रासाची मोजणी करावीच लागते.

आता माणसे किती लागतील? समजा बनावट चूर्णाने १०० पैकी ४० जणांना आराम पडतो आणि खऱ्या चूर्णाने ६० जणांना पडतो. एवढा मोठा फरकसुद्धा खात्रीने दाखवायचा असेल, तर प्रत्येक गटात जवळजवळ १०० माणसे हवीत. गल्लीतील वीस-पंचवीस जणांवर केलेली तपासणी कोणत्याही बाजूने निर्णय देऊ शकत नाही. कोणाला काय द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दैवगतीने ठरले पाहिजे, आणि देणाऱ्याला व घेणाऱ्याला दोघांनाही पुडीत काय आहे हे ठाऊक नसावे. आपल्याकडे आणखी एक काळजी घ्यावी लागेल. पहिल्या गटाला भरिताच्या दिवसांत आणि दुसऱ्याला श्रावणातील उपवासांत चूर्ण दिले, तर फरक जेवणाचा आणि नाव चूर्णाचे होईल. दोन्ही गट एकाच वेळी चालले पाहिजेत.

उत्तर : आयुर्वेद वैद्य, अमळनेर

अध्यापक महोदयांच्या म्हणण्याशी मी बहुतांशी सहमत आहे. तथापि आयुर्वेदीय औषधाची तपासणी करताना मात्रा, औषध घेण्याची वेळ आणि पथ्य यांना फाटा देऊन चालणार नाही. जेवणाआधी द्यायचे चूर्ण जेवणानंतर दिले आणि पथ्य सांगितलेच नाही, तर आलेला निष्कर्ष त्या औषधाविषयीचा नसतोच. यावर उपाय सोपा आहे. दोन्ही गटांना तेच पथ्य आणि तीच वेळ द्यावी. फरक फक्त पुडीतील द्रव्याचा असावा.

आम्लपित्तासाठी सर्वत्र वापरले जाणारे अविपत्तिकर चूर्ण पाहा. त्याच्या ग्रंथोक्त प्रमाणात त्रिकटू, त्रिफळा, नागरमोथा, वावडिंग इत्यादी अकरा द्रव्यांचा प्रत्येकी एक भाग, लवंग अकरा भाग, निशोत्तर चव्वेचाळीस भाग आणि साखर सहासष्ट भाग असते. म्हणजे निम्मे वजन साखरेचे आणि एक तृतीयांश वजन निशोत्तराचे, जे रेचक आहे. मधुमेही माणसाने हे चूर्ण रोज घेणे आणि एरवी निरोगी माणसाने घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘वनस्पतींचे आहे म्हणून निर्धोक आहे’ हे वाक्य मी माझ्या दवाखान्यात कोणालाही बोलू देत नाही.

कच्च्या मालाकडेही लक्ष द्यावे. ज्येष्ठमधाच्या नावाखाली गुंजेचे मूळ मिसळले जाते, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी गुंज काही दुर्मीळ नाही. म्हणून परिणामाच्या तपासणीआधी ओळखीची आणि शुद्धतेची तपासणी हवी. वनस्पतिजन्य औषधांत शिसे १० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत दहा भाग), आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएमच्या आत असले पाहिजे. सोबत बुरशी, जंतू आणि कीटकनाशकांचे अवशेष पाहावेत. प्रत्येक खेपेचे चूर्ण सारखे उतरत नसेल, तर तपासलेले एक आणि विकलेले दुसरे असे होईल. हे काम परवानाधारक प्रयोगशाळा शुल्क घेऊन करते आणि बचत गटाला ते आजच करता येण्यासारखे आहे.

उत्तर : फिजिशियन, धुळे

वरील दोन्ही उत्तरांत एक भर घालणे मला आवश्यक वाटते. तपासणीत कोणाला घ्यायचे नाही, हे आधी ठरले पाहिजे. काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणे, कारणाविना वजन घटणे, रक्तक्षय, वारंवार उलट्या, किंवा उतारवयात प्रथमच सुरू झालेले अपचन, यांपैकी काहीही असेल तर त्या व्यक्तीला चूर्ण न देता दुर्बिणीच्या तपासणीसाठी पाठवावे. छातीतील जळजळ श्रमाने वाढत असेल, सोबत घाम येत असेल किंवा ती हाताकडे अथवा जबड्याकडे जात असेल, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. शेतात काम करताना ‘पित्त झाले’ म्हणून सोडा पिऊन बसलेले आणि उशिरा रुग्णालयात पोहोचलेले रुग्ण मी पाहिले आहेत. आपल्या पाकिटावर एकच ओळ छापायची असेल, तर ती या धोक्याची छापावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ज्येष्ठमधातील ग्लिसिऱ्हायझिन हे द्रव्य दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढवते आणि रक्तातील पोटॅशियम कमी करते. लघवी वाढवणारी किंवा हृदयाची औषधे घेणाऱ्यांना त्यातून अपाय होऊ शकतो. गर्भवती स्त्रियांना जळजळ फार होते आणि त्याच असे चूर्ण हमखास मागतात, पण ज्येष्ठमध त्यांनी टाळावे. सोडा आणि पादेलोण यांतील सोडियमही रक्तदाबाच्या रुग्णांना त्रासदायक आहे. सांधेदुखीच्या गोळ्या आणि तंबाखू हीच ज्यांच्या जळजळीची कारणे आहेत, त्यांची नोंद वेगळी ठेवावी. पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी अनेक महिने घेणाऱ्याने ती एकाएकी बंद केली, तर आम्ल काही काळ उसळून वाढते. अशा माणसाला त्याच आठवड्यात तपासणीत घेतल्यास कोणतेही चूर्ण निरुपयोगी वाटेल.

आपण खानदेशी माणसे सगळा दोष मिरचीवर टाकतो, म्हणून एक माहिती येथे देतो. इटलीत २००२ मध्ये अपचनाच्या ३० रुग्णांवर तपासणी झाली. काहींना लाल मिरचीची पूड दररोज २.५ ग्रॅम कॅप्सूलमधून पाच आठवडे आणि काहींना बनावट कॅप्सूल देण्यात आली. मिरचीच्या गटात शेवटी त्रास सुमारे ६० टक्क्यांनी उतरला, दुसऱ्या गटात ३० टक्क्यांहून कमी. तपासणी लहान होती आणि जळजळ हा मुख्य त्रास असलेल्यांना हा उपाय मी सुचवणार नाही, परंतु आपल्या पक्क्या समजुतीसुद्धा तपासून पाहाव्या लागतात हे त्यातून दिसते.

उपप्रश्न : केळी उत्पादक, रावेर

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मला जळजळीचा त्रास आहे आणि डॉक्टरांनी सर्व तपासण्या करून काही गंभीर नसल्याचे सांगितले आहे. दोनशे माणसे गोळा करणे मला शक्य नाही, पण आवळ्याचा मला उपयोग होतो की नाही, हे मला स्वतःपुरते ठरवायचे आहे. त्यासाठी काही रीत आहे का?

उत्तर : औषधनिर्माणशास्त्राचा अध्यापक, शिरपूर

भाऊसाहेब, आहे. एकाच रुग्णावर पद्धतशीर तपासणी करण्याची ही रीत कॅनडातील डॉक्टर गॉर्डन गायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडली. आपल्या ओळखीच्या औषध विक्रेत्याकडून आवळ्याच्या आणि तशाच दिसणाऱ्या रिकाम्या कॅप्सूलच्या आठवड्यापुरत्या पुड्या बांधून घ्याव्यात. कोणत्या आठवड्यात कोणती पुडी द्यायची, हे त्याने नाणे उडवून ठरवावे आणि यादी स्वतःजवळ ठेवावी. आपण रोज रात्री जळजळीला शून्य ते दहा असे गुण द्यावेत, आणि आवळ्याचा एक व रिकाम्या कॅप्सूलचा एक अशा आठवड्यांच्या अनेक जोड्या पूर्ण झाल्यावरच यादी उघडावी. इराणमध्ये ६८ रुग्णांवर आवळ्याच्या गोळ्यांची चार आठवडे तपासणी झाली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षात जळजळ बनावट गोळीपेक्षा अधिक उतरल्याचे दिसले, तेव्हा आपला प्रयोग निराधार नाही. तो डॉक्टरांना सांगून मगच सुरू करावा.

मूळ प्रश्नकर्ती : बचत गटाची सचिव, यावल तालुका

सर्वांचे मनापासून आभार. गटाच्या बैठकीत ही उत्तरे मी वाचून दाखवली. ‘हमखास गुणकारी’ हे शब्द छापायचे नाहीत, धोक्याची लक्षणे मात्र मोठ्या अक्षरांत छापायची आणि पुढच्या खेपेचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, असे ठरले. गर्भवती आणि रक्तदाब असलेल्या गिऱ्हाइकांना विचारपूस करून चूर्ण नाकारायचे, हेही सर्वांनी मान्य केले. दोन शंका उरल्या आहेत. ओव्याचा वास लपत नाही, मग पुडीत काय आहे हे घेणाऱ्याला कळणार नाही कसे? आणि परवानगी कोणाची लागेल?

उत्तर : औषधनिर्माणशास्त्राचा अध्यापक, शिरपूर

वासाची शंका अगदी मार्मिक आहे, कारण वनस्पतींच्या पुष्कळ तपासण्या याच ठिकाणी कच्च्या राहतात. चूर्ण उघडे न देता कॅप्सूलमध्ये भरावे. दोन्ही प्रकारच्या बाटल्यांत ओव्याची छोटी पुरचुंडी ठेवावी, म्हणजे वास दोन्हीकडे सारखा येईल. तपासणी संपल्यावर प्रत्येकाला ‘आपल्याला खरे मिळाले असे वाटते की बनावट?’ असे विचारून उत्तर लिहून ठेवावे. बहुतेकांनी अचूक ओळखले असेल, तर निष्कर्षावर तितका कमी विश्वास ठेवावा.

परवानगीविषयी सांगायचे, तर माणसांवर तपासणी गटाने स्वतःहून करू नये. तिला नैतिकता समितीची संमती, सहभागी होणाऱ्यांची लेखी संमती आणि अपाय झाल्यास उपचाराची सोय लागते. धुळे व जळगाव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तेथील औषधशास्त्र विभागाकडे किंवा एखाद्या आयुर्वेद महाविद्यालयाकडे प्रस्ताव घेऊन जावे. तपासणी सुरू होण्यापूर्वीच तिची नोंद भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीत (माणसांवरील औषध-तपासण्यांच्या देशव्यापी नोंदवहीत) करावी. ही नोंदणी २००७ पासून सर्वांना खुली आहे. काय मोजणार हे तेथे आधी लिहिले असले, की नंतर सोयीचा आकडा निवडता येत नाही. तोपर्यंत हे चूर्ण खाद्यपदार्थाच्या नोंदणीखाली, रोग बरा करण्याचा कोणताही दावा न करता विकता येईल. दावा करायचाच असेल, तर अन्न व औषध प्रशासनाचा आयुर्वेदीय औषधाचा परवाना लागेल, आणि आपले मिश्रण ग्रंथोक्त नसल्यामुळे त्यासाठी परिणामकारकतेचा पुरावाही मागितला जाईल. प्रस्तावाचा मसुदा तयार झाल्यावर येथे टाकावा. तुलनेच्या चूर्णात सोड्याचे प्रमाण किती ठेवायचे, ते मी आणि वैद्यराज मिळून पाहून देऊ.