अनुभव धागा: परमिट रूममधला धूर आणि आपण

माजघर
परवा पावसाळ्याआधीची आवराआवर करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत स्टीलची एक राखदाणी सापडली. आमच्या घरात कोणीही कधी सिगारेट ओढलेली नाही. ही राखदाणी वडिलांनी २००८ च्या ऑक्टोबरमध्ये कामावरून आणली होती. गिरगावातल्या एका परमिट रूममध्ये ते सव्वीस वर्षे वेटर होते. त्या वर्षी गांधीजयंतीपासून देशभरातल्या उपाहारगृहांत आणि बारमध्ये धूम्रपानबंदीचे नियम लागू झाले, टेबलावर राखदाणी किंवा काडेपेटी ठेवण्यासही मनाई झाली आणि मालकांनी सगळ्या राखदाण्या गोणीत भरून, ज्याला हवी त्याने घेऊन जा, असे सांगितले. आईने पुढची कित्येक वर्षे तिच्यात मच्छर अगरबत्ती लावली. सिगारेट टेकवायला कडेला ज्या खाचा असतात, त्यांतल्या एका खाचेत अगरबत्तीचा पत्र्याचा पाय अगदी बरोबर बसत असे.

त्याआधी वडिलांचा पांढरा शर्ट आई घरातल्या इतर कपड्यांबरोबर कधीच भिजवत नसे. वेगळ्या बादलीत भिजवलेल्या त्या शर्टाचे पाणी सकाळी पातळ चहासारखे दिसे आणि मोरीत शिळ्या धुराचा वास येई. मी लहान असताना तो वडिलांचाच वास आहे असे समजत होते.

बंदीच्या वेळी घरी वर्तमानपत्र येत असे आणि चर्चा जोरात होती. ओढणाऱ्याचे स्वातंत्र्य, न ओढणाऱ्या गिऱ्हाइकाचा त्रास, मालकाचा गल्ला, या सगळ्यांवर लोक हिरिरीने लिहीत होते. रोज दहा-दहा तास त्या धुरात ट्रे घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल मात्र आमच्या घरी आलेल्या अंकांत मला एक ओळही वाचल्याचे आठवत नाही. तुमच्याकडे त्या काळाच्या, बंदीच्या बाजूच्या किंवा विरोधातल्या, ज्या आठवणी असतील त्या येथे लिहाव्यात.

कोपऱ्यावरचा
आम्ही मालकाच्या बाजूचे, म्हणून आधी लिहितो. पुण्यात आमचे छोटे उपाहारगृह आणि बार होता. हॉटेलवाल्यांच्या संघटना आणि सिगारेट कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली होती, त्यामुळे स्थगिती मिळेल या आशेवर आम्ही फलकसुद्धा रंगवून घेतला नव्हता. २९ सप्टेंबरला न्यायालयाने स्थगिती नाकारली आणि आमची धावपळ उडाली. साठ बाय तीस सेंटिमीटरचा फलक, पांढरी पार्श्वभूमी, असे सगळे मोजूनमापून करावे लागले. वेगळा धूम्रपान कक्ष करायचा तर किमान तीस जणांची बैठक हवी होती आणि आमच्याकडे खुर्च्या अठ्ठावीस होत्या. काकांनी दोन खुर्च्या कोंबून पाहिल्या, पण छतापर्यंत भिंत, आपोआप बंद होणारे दार आणि धूर थेट बाहेर फेकणारी यंत्रणा यांचा खर्च ऐकल्यावर त्यांनी तो नाद सोडला.

धंदा बसेल ही भीती खरी होती. पहिले दोन महिने नेहमीची मंडळी रागावून गेली. त्यांतली बरीचशी डिसेंबरपर्यंत परत आली आणि झुरका मारायला दाराबाहेर जाऊ लागली. माजघरताई, आमच्या वेटरांना काय वाटते हे आम्ही त्या वेळी विचारले नाही, हे तुमचे लिहिणे वाचल्यावर प्रथम ध्यानात आले आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटले.

सोलापुरी चादर
मला लहानपणापासून दमा आहे. बंदीच्या आधी आमच्या गावातल्या हॉटेलांत ‘फॅमिली रूम’ म्हणजे प्लायवूडची कमरेच्या जरा वर येणारी आडभिंत आणि एक पडदा एवढेच असे. पलीकडच्या टेबलावरचा धूर त्या आडभिंतीवरून सरळ आमच्या ताटावर येई. वाढदिवसाला हॉटेलात जायचे ठरले की आई माझा पंप पर्समध्ये आहे की नाही हे दोनदा पाही. वडील एकदा शेजारच्या टेबलाला विनंती करायला गेले, तेव्हा ‘त्रास होतो तर घरी जेवा’ असे उत्तर मिळाले आणि आम्ही खरोखरच अर्ध्या जेवणावरून उठलो. बंदीनंतर तेच वाक्य म्हणण्याची कोणाची हिंमत झाली नाही. कायद्याने मला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट ही आहे की मला आता कोणाकडे विनंती करावी लागत नाही.

वाचनखोली
एक गोष्ट नोंदवतो. ही बंदी २००८ मध्ये एकाएकी आली नाही. १९९९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध निकाल दिला होता. मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि नोव्हेंबर २००१ मध्ये रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, सार्वजनिक कचेऱ्या आणि वाहने येथे मनाई झाली. मी तेव्हा ग्रंथालयात नोकरीला होतो, म्हणून यादी लक्षात आहे. त्या यादीत उपाहारगृहे आणि बार नव्हते. पुस्तके सांभाळणाऱ्या मला संरक्षण मिळाले आणि माजघर यांच्या वडिलांना त्यासाठी आणखी सात वर्षे वाट पाहावी लागली.

दोन झुरके
मी ओढत होतो, आणि २००८ मध्ये बंदीच्या पूर्ण विरोधात होतो. माझ्या पैशाने घेतलेली क्वार्टर, माझी सिगारेट, दारावर ‘बार’ अशी पाटी, मग सरकारचा येथे काय संबंध, असे मी तावातावाने बोलत असे. हे मत एका रात्रीत बदलले नाही. बाहेर जाऊन ओढू लागल्यावर परत आत येताना, आपण इतकी वर्षे ज्या हवेत बसत होतो ती कशी होती, हे नाकाला कळले. बंदीमुळे माझी सिगारेट सुटली असे मी म्हणणार नाही, ती मुलीच्या जन्मानंतर सुटली. पण उठून बाहेर जाण्याच्या कंटाळ्याने दिवसाच्या पाच-सहा तरी नक्की कमी झाल्या होत्या.

एक तक्रार मात्र आजही आहे. धूर संपला नाही, तो दाराबाहेर आला. आमच्या नेहमीच्या बारच्या पायरीशी एक मावशी गजरे विकत बसत. संध्याकाळी सात ते अकरा त्यांच्या डोक्यावर आम्हा दहा-बारा जणांचा धूर असे आणि कायद्यातल्या ‘सार्वजनिक जागे’च्या व्याख्येत मोकळी जागा धरलेली नसल्यामुळे त्यांना कोणी वाली नव्हता.

सोलापुरी चादर
@दोन झुरके, गजरेवाल्या मावशींबद्दल तुम्ही लिहिलेत हे फार बरे झाले. सिगारेट सुटली याबद्दल तुमचे अभिनंदन.

लिफीकाठ
मी डब्लिनला २००३ मध्ये आले. २९ मार्च २००४ रोजी आयर्लंडने पबसह सगळ्या कामाच्या ठिकाणी धूम्रपान बंद केले आणि देशभर अशी बंदी घालणारा तो पहिला देश ठरला. विद्यार्थिनी असताना मी एका पबमध्ये ग्लास धुण्याचे काम करत होते. माजघर, तुम्ही विचारलेला प्रश्न तेथे अगदी उलट बाजूने मांडला गेला होता. तो कायदा कामगारांच्या आरोग्याच्या नावाने आला होता, म्हणजे बारच्या मागे उभा असलेला माणूस आधी आणि पुढे बसलेला नंतर. विरोध तेथेही भरपूर झाला. पब म्हणजे गावाची बैठक, ती मोडेल, असे म्हातारे लोक कळवळून सांगत. प्रत्यक्षात ते पावसात कोट घालून बाहेर उभे राहू लागले आणि बैठक तेथे भरू लागली. मला आठवते ते एवढेच की एप्रिलमध्ये रात्री घरी आल्यावर मी पहिल्यांदा केस न धुता झोपले.

पणजीची सांज
गोव्यात धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्धचा राज्याचा कायदा १९९७ चा आहे, म्हणजे देशाच्या कायद्याच्या कितीतरी आधीचा. तरीही आमच्या वाड्यावरच्या ताव्हेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, फेणीबरोबर विडी चालूच राहिली, कारण गिऱ्हाईक आणि मालक एकमेकांचे शेजारी आणि तक्रार करणार तरी कोण. माझे स्पष्ट मत आहे की कागदावरचा कायदा आणि लोकांचे मत यांच्यात अंतर असले तर निदान दंड तरी जाणवला पाहिजे. २००३ च्या केंद्रीय कायद्यात कमाल २०० रुपये दंड आहे. ती रक्कम आज कोणाला जाणवतही नाही.

कोपऱ्यावरचा
@पणजीची सांज, दंडाबाबत सहमत आहे. मालकाच्या हद्दीत जितके गुन्हे तितक्यांचा दंड मालकालाही होऊ शकतो, हे मात्र नियमात आहे, आणि काकांना खरी धास्ती त्याचीच होती.

तोक्योतली चाळ
येथे जपानमध्ये एप्रिल २०२० पर्यंत उपाहारगृहांत सर्रास ओढत असत, तर गंमत म्हणजे कित्येक भागांत रस्त्यावर चालताना ओढण्यास मनाई होती. भारताच्या बरोबर उलटे. नव्या कायद्यातही जुन्या आणि लहान जागांना सवलत आहे, त्यामुळे आमच्या गल्लीतल्या आठ खुर्च्यांच्या इझाकायामध्ये, म्हणजे जपानी खाण्यापिण्याच्या बारमध्ये, आजही धूर असतो. मी तेथे जाणे सोडले आहे. मालकीणबाई स्वतः ओढत नाहीत आणि त्यांना सतत खोकला असतो.

नाशिककर वेटर
मी सध्या याच कामात आहे. आमच्याकडे धूम्रपान कक्ष आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर त्या कक्षात खाणेपिणे नेऊन देण्यास मनाई आहे, पण गिऱ्हाईक काचेवर टकटक करून बोलावते आणि टीप त्याच टेबलाची मोठी असते. नाही म्हटले तर आमच्याच पोटावर पाय येतो. मी आत जाताना श्वास धरून जातो आणि ग्लास ठेवून बाहेर येईपर्यंत सोडत नाही. माजघरताई, तुमचे वडील आता कसे आहेत?

माजघर
@नाशिककर वेटर, आस्थेने विचारलेत, आभारी आहे. वडील ७४ वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांना जिना चढताना धाप लागू लागली. छातीच्या डॉक्टरांनी फुंकून घेण्याची तपासणी केली, कागद पाहिला आणि विचारले, ‘काका, किती वर्षे ओढत होता?’ वडील म्हणाले, ‘एकदाही नाही.’ डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांचे काम काय होते ते सांगितले, तेव्हा त्यांनी ते लिहून घेतले.

काल रात्री हा धागा मी त्यांना वाचून दाखवला. तुमचा श्वास धरून जाण्याचा भाग त्यांनी मला दोनदा वाचायला लावला. त्यांनी तुमच्यासाठी निरोप दिला आहे की ट्रे डाव्या हातावर घ्यावा म्हणजे उजव्या हाताने दार धरून ठेवता येते, आणि दार उघडे असेपर्यंत थोडी बाहेरची हवा मिळते.

नाशिककर वेटर
आज रात्रीपासून तसेच करतो. काकांना माझा नमस्कार सांगा.