फ्लॅश मारू नका म्हणे! मंग डीजेच्या रातीले नवरदेव काय अंदाजानं काढू?

वऱ्हाडी_लेन्स:
परवा इथंच कोण्या पुण्याच्या भाऊनं लिवलं, "पार्टीत फ्लॅश मारणं म्हणजे वातावरणाचा खून. जास्त उजेड घेणारी 1.8 ची लेन्स लावा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) 6400 करा आणि आहे तो उजेड टिपा." डोकं सनकलं वाचून, म्हणून बसलो लिवाले. भाऊ, तुमच्या पबमंदी लाइटवाला पगारावर असते. आमच्याइकडे हळदीच्या रातीले सगळ्या लाइटा डीजेच्या गाडीवर, नाचनारे गाडीकडं तोंड करून. समोरून काढाचं त बेसच्या डब्ब्याले पाठ लावून उभं राहा, मागून काढाचं त नुसती टाळकी. मागच्या साली तुयासारख्याचंच ऐकून एकदा बिनफ्लॅशचं काढलं, नवरदेव पुरा निळा निघाला, त्याची माय म्हणे पोरगं आजारी होतं का रे त्या दिवशी.
मी काय करतो, शटर 1/15 सेकंद, लेन्सचं तोंड एफ 5.6, आयएसओ 1600, फ्लॅश रिअर कर्टनवर अन् पॉवर कमी. शटर उघडं हाये तवर लाइटीच्या रेघा वढल्या जाते, बंद होता होता फ्लॅश पडते न माणूस जागच्या जागी गोठते. रेघा त्याच्या मागं राहते. हे बिनफ्लॅशचं करून दाखव.

पब_शूटर_पुणे:
ती पोस्ट माझीच. आणि खून हा शब्द मागे घेणार नाही. पगारावरचा लाइटवाला म्हणे! तो डीजेसाठी असतो, माझ्यासाठी नाही. पबचं छत काळं असतं, फ्लॅश वर फिरवून काही परत येत नाही, आणि समोरून मारला की धूर मशीनचा सगळा धूर पांढरा फटक, माणूस गायब. निळा चेहरा येतो कारण निळा चॅनल फुटतो, म्हणजे निळा रंग इतका जास्त होतो की बारकावे जातात, ते रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) पण परत येत नाहीत. म्हणून थांबायचं. लाइट फिरत फिरत पांढरी किंवा पिवळी तोंडावर आली की चार-पाच फ्रेम सोडायच्या. धीर लागतो त्याला.

तूर_हरभरा:
तुमचं फ्लॅश फ्लॅश चालू द्या, लेझरवर कोनीच बोलून नाही राहिलं. मे महिन्यात चुलतभावाच्या हळदीत माझा नवा मिररलेस (बिनआरशाचा) कॅमेरा, अजून सहा किस्ती बाकी, डीजेवाल्याचा हिरवा लेझर सरळ लेन्समंदी घुसला. तवापासून प्रत्येक फोटोत एक गुलाबी रेघ. नवरीच्या कपाळावरून रेघ, जेवणाच्या पंगतीवरून रेघ. दुरुस्तीवाला म्हणे सेन्सर बदला, वॉरंटीत बसत नाही. अन् डीजेवाला म्हणे तू काहून पाहिलं तिकडं!

साउंड_सर्विस_आर्णी:
बरोबरच म्हणला थो. कॅमेऱ्याच्या पुस्तकातच लिवलं असते लेझरकडं धरू नका म्हनून, वाचते कोन? पार्टी म्हणते लेझर नसन त पाच हजार कमी देतो. वरून 2005 मंदी सुप्रीम कोर्टानं सांगून ठेवलं, राती 10 नंतर भोंगा बंद. म्हंजे आठ ते दहा या दोन घंट्यात लोकाइले सारं पायजे, अन् तुमी नेमके गाडीच्या तोंडावर चढून येता. मी बलावलं का तुमाले?

तूर_हरभरा:
लेझर डोक्याच्या वरून फिरवाचा असते भाऊ. तू बकरीच्या उंचीवर लावतं.

साउंड_सर्विस_आर्णी:
ए बापा, तोंड सांभाळून. तुह्या गावात कधी आलो नाही मी.

मांडवातली_ताई:
भांडा तुम्ही. मी वर्ध्याकडे लग्नं करते, आणि पुण्याच्या दादाची एक गोष्ट कबूल करावीच लागेल. फ्लॅश एकदा चमकला की आमच्या काकू नाचणं सोडून पदर सावरून उभ्या राहतात. झालं, आता पोज. म्हणून पहिले दहा मिनिटं मी फ्लॅश काढतच नाही. पण वऱ्हाडी भाऊ, तुम्ही मांडवात फ्लॅश वर मारता ना? कापड गुलाबी असलं की अख्खं खानदान गुलाबी होतं, ते नाही सांगितलं.

वऱ्हाडी_लेन्स:
काकूचं खरं हाये. मानलं. (ताईचं मानलं, पुण्याचं नाही.) अन् पुणेकर, चार-पाच फ्रेमा सोडतं त पट्टे नाही येत का एलईडीचे?

पब_शूटर_पुणे:
आपली वीज 50 हर्ट्झ, तिच्या तालावर लाइट लुकलुकतो, त्याचेच पट्टे. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवायचं. एवढं साधं.

साउंड_सर्विस_आर्णी:
साधं म्हणे! माझे पार लाइट (स्टेजचे रंगीत लाइट) जनरेटरवर अन् त्याइचा डिमर (उजेड कमी-जास्त करनारा) आपल्याच हिशोबानं लुकलुकते. थ्या 1/100 चं लोणचं घाला.

पब_शूटर_पुणे:
ठीक आहे, स्वस्तातल्या पारसमोर ते नेहमी चालत नाही. एक-दोन फोटो काढून स्क्रीनवर बघून शटर बदलावं लागतं. खूश?

वऱ्हाडी_लेन्स:
लय. आज जेवन जाईन.

पब_शूटर_पुणे:
आणि तूर भाऊ, लेझर असेल तिथे जुना डीएसएलआर, म्हणजे आरशावाला कॅमेरा न्या. क्लिक करेपर्यंत सेन्सर आरशामागे असतो.

मांडवातली_ताई:
अहो, आणि आरशातून बघताना तोच लेझर सरळ डोळ्यात जाईल! काहीही सांगता.

तूर_हरभरा:
थो डीएसएलआर इकूनच त हा घेतला, पुणेकर.

साउंड_सर्विस_आर्णी:
बरं ऐक. पुढच्या महिन्यात दिग्रसकडं आपली गाडी हाये. येशीन त सांगजो, लेझर वरते लावतो. पन गाडीच्या तोंडावर नको चढजो.

तूर_हरभरा:
एक किस्त भरजो, मांडवाच्या बाहेरून काढतो.